दुसऱ्या मॉडेलचे इंजिन : दुरुस्ती की नवी गाडी?

दहा-बारा वर्षे चाललेल्या मोटारीचे इंजिन कामातून गेले की मालकापुढे तीन आकडे येतात : कंपनीच्या वर्कशॉपने दिलेले नव्या इंजिनाचे एस्टिमेट, बाहेरच्या गॅरेजचा ‘इंजिन खोलून बांधून देतो’ हा दर आणि त्या गाडीची आजची बाजारातली किंमत. पहिला आकडा बऱ्याचदा तिसऱ्याला जाऊन भिडतो. मग कोणीतरी चौथी वाट सुचवते. कुर्ल्याच्या भंगार बाजारात अमुक गाडीचे इंजिन स्वस्तात मिळते. फाउंडेशन, म्हणजे इंजिनाची बैठक, थोडे बदलले, दोन पाइप वाकवले की याच बॉनेटखाली बसेल. मेकॅनिक हाताचा चांगला असेल तर ते खरोखर बसतेही आणि सुरूही होते. या सल्ल्याचा मोह त्यातच आहे. तो सल्ला एके काळी बऱ्यापैकी शहाणपणाचा होता. आजच्या मोटारीच्या बाबतीत मात्र ती दुरुस्ती राहिलेली नाही. ती एक नवी गाडी तयार करणे आहे, आणि त्या गाडीचा जबाबदार निर्माता कागदोपत्री कोणीच नसतो. दुसऱ्या बाजूने, आपल्या कायद्याने या प्रकाराला सरसकट दार लावून घेतले आहे तेही मला पटत नाही. या दोन्ही मतांचे मूळ एकच आहे : इंजिन बदलण्यात अवघड काम इंजिन बसवण्याचे नसते, ते बाकीच्या गाडीशी जुळते आहे हे तपासण्याचे असते.

जुन्या काळाचा दाखला देणारे लोक बरोबर उदाहरणे देतात. भारतीय मोटार उद्योगाचा १९८० ते २००० हा काळ म्हणजे एकाच्या अंगात दुसऱ्याचे इंजिन घालण्याचाच काळ होता, आणि हे उद्योग गॅरेजांनी नव्हे, कारखान्यांनी केले. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा हे वॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या व्हिक्टर गाडीचे शरीर होते. त्यात सुरुवातीला अँबॅसडरचे १४८९ सीसीचे, पन्नासेक अश्वशक्तीचे इंजिन घातले गेले; एवढ्या मोठ्या गाडीला ते ओढवत नसे. पुढे त्याच गाडीत इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन पाच गिअरच्या गिअरबॉक्ससह आले आणि गाडीला जीव आला. १९९० च्या दशकात तेच इंजिन अँबॅसडरमध्येही गेले. प्रीमियरची ११८ एनई ही मुळात फियाट १२४ च्या वंशातली गाडी. तिला निस्सानचे ११७१ सीसीचे इंजिन दिले गेले. महिंद्राने जीपमध्ये प्युजोचे डिझेल इंजिन घातले, तीच एमएम ५४०. ही यशाची किंवा निदान चालून गेलेली उदाहरणे झाली. अपयशाचेही एक ठळक उदाहरण आहे आणि चर्चेत ते हमखास विसरले जाते. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने १९८५ मध्ये स्टँडर्ड २००० आणली. शरीर रोव्हर एसडी-१ चे, ज्याला इंग्लंडमध्ये साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन मिळत असे. इथे त्याला व्हॅनगार्ड या युद्धोत्तर काळातल्या गाडीच्या इंजिनाचा सुधारलेला, दोन लिटरचा अवतार दिला गेला. गाडी दिसायला देखणी होती, चालायला आणि पेट्रोल प्यायला दोन्हीकडे निराशा. दशक संपण्यापूर्वीच ती बंद पडली. कंपनीकडे ड्रॉइंग, अभियंते, चाचणीची सोय असे सगळे असूनही निवड चुकली तर काय होते, याचा हा धडा आहे.

तेव्हा ‘कारखाने करतात, मग आपण का नाही’ या आक्षेपाचे उत्तर याच इतिहासात आहे. कारखाना नुसते इंजिन बदलत नाही. तो इंजिनाबरोबर गिअरबॉक्स, क्लच, रेडिएटर, पुढची स्प्रिंग, ब्रेक आणि सायलेन्सरही बदलतो किंवा निदान तपासतो. गॅरेजमध्ये बहुधा बदलते ते फक्त इंजिन. यातून काय होते ते आपल्याकडच्या सर्वांत लोकप्रिय प्रयोगावरून पाहू. मारुती जिप्सीमध्ये स्विफ्टचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन घालण्याची हौस अनेकांना असते. शेवटच्या पिढीच्या जिप्सीचे पेट्रोल इंजिन ६००० आरपीएमला ८० अश्वशक्ती आणि ४५०० ला सुमारे १०३ न्यूटन-मीटर टॉर्क देई. स्विफ्टचे डिझेल २००० आरपीएमलाच १९० न्यूटन-मीटर देते. म्हणजे जो गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि अॅक्सल एकशे तीनसाठी घडवले, त्यांच्यावर खालच्याच वेगात पावणेदोनपटीहून अधिक पीळ येतो. शिवाय डिझेलला पेट्रोलइतके फिरायचे नसते. जिप्सीचे गिअर उंच फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनासाठी आखलेले असल्याने हमरस्त्यावर हे डिझेल सतत वरच्या आरपीएमला गुरगुरत राहते. घाटात मजा, एक्स्प्रेसवेवर सजा, असा त्याचा हिशेब. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जो निर्वात दाब तयार करते, त्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेलमध्ये तसा दाब तयार होत नाही, म्हणून तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो बसवला नाही किंवा नीट जोडला नाही तर ब्रेकचे पेडल दगडासारखे होते. गाडी सुरू झाली म्हणून पेढे वाटणाऱ्याच्या हे लक्षात येते ते पहिल्या उतारावर.

पेट्रोलच्या जागी पेट्रोलच घातले तरी शरीररचनेचे प्रश्न राहतातच. एस्टीमचे आणि जिप्सीचे १३०० सीसी इंजिन एकाच घराण्यातले. त्यामुळे हा बदल तुलनेने सोपा मानला जातो आणि बलेनोचे १६०० सीसी इंजिनही त्याच ओळीत येते. पण एस्टीम-बलेनोत इंजिन आडवे बसते, जिप्सीत उभे. आडव्या इंजिनाचा ऑइल चेंबर, हवा आत घेणारा मॅनिफोल्ड, पाण्याची तोंडे, एक्झॉस्टची दिशा हे सगळे वेगळ्या जागेसाठी आखलेले असते. चेंबर पुढच्या अॅक्सलला अडू नये म्हणून तो कापून वेल्डिंग केला आणि ऑइल ओढणाऱ्या नळीचे टोक तळापासून हवे त्यापेक्षा थोडे जरी वर राहिले, की चढावर पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि बेअरिंगे जातात. म्हणजे एक इंजिन गेले म्हणून आणलेले दुसरे, बसवण्याच्या पद्धतीमुळेच जाते.

एवढे असूनही हे सारे प्रश्न लोखंडाचे होते. कुशल कारागीर पाहून, मोजून, घासून ते सोडवू शकत असे. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि यांत्रिक पंपाच्या इंजिनाला आपण कोणत्या गाडीत आहोत याची गरजच नव्हती. पेट्रोल आणि ठिणगी मिळाली की ते कुठेही चाले. जुन्या जीप नव्याने बांधण्यासाठी प्रसिद्ध असलेले मंडी डबवाली शहर घ्या किंवा डिझेल स्वस्त होते तेव्हा पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे चढवणारे मुंबईचे टॅक्सीवाले घ्या, ही परंपरा त्या इंजिनांवर उभी राहिली. ती परंपरा मी कमी लेखत नाही. मात्र प्रदूषणाचे नियम कडक होत गेले (बीएस-४ देशभर एप्रिल २०१७ पासून, बीएस-६ एप्रिल २०२० पासून) तसे इंजिन स्वतंत्र यंत्र उरले नाही, ते गाडीच्या संगणकांच्या जाळ्यातले एक केंद्र झाले.

हे समजायला फियाटच्या १.३ मल्टिजेटइतके चांगले उदाहरण नाही. १२४८ सीसीचे हे डिझेल इंजिन पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यात बनत असे आणि मारुतीही ते स्वतः बनवी. स्विफ्टमध्ये ते डीडीआयएस, टाटाच्या व्हिस्टामध्ये क्वाड्राजेट आणि पुंटोमध्ये मल्टिजेट या नावाने धावले. बीएस-६ आल्यावर २०२० मध्ये ते आपल्याकडे बंद झाले. एवढ्या गाड्यांत एकच इंजिन, म्हणजे आदलाबदल सहज व्हायला हवी. पण या इंजिनाच्या एका प्रकाराला साधा टर्बो आहे आणि ७५ अश्वशक्ती, दुसऱ्याला पाती हलवणारा टर्बो आहे आणि ९०. फाउंडेशन, इंटरकूलरचे पाइप, वायरिंगची जोडणी हे प्रत्येक कंपनीने आपापल्या गाडीनुसार आखलेले आहे. प्रत्येक इंजेक्टरवर त्याच्या तुषाराचा एक सांकेतिक कोड छापलेला असतो. तो ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरावा लागतो, नाहीतर इंजिन धडधडते आणि काळा धूर सोडते. सगळ्यांत वरची कडी म्हणजे इमोबिलायझर. किल्ली, गाडीच्या शरीराचा संगणक आणि इंजिनाचा ईसीयू हे तिघे एकमेकांना ओळखत नसतील तर इंजिन सुरूच होत नाही. त्यावर उपाय म्हणून जुन्या इंजिनाचा ईसीयू ठेवून नव्या इंजिनावर लावतात, आणि मग सेन्सर जुळत नाहीत. किंवा नवा ईसीयू आणतात आणि मग मीटरवरचा वेगाचा काटा, एसी किंवा एबीएस गोंधळतो. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत एबीएस सक्तीचे आहे. त्यात घसरण रोखणारी ईएसपीसारखी यंत्रणाही असेल तर ती गरजेनुसार इंजिनाला जोर कमी करायला सांगते. आज्ञा ऐकणारा ईसीयू दुसऱ्याच घरचा असेल तर ती आज्ञा वाऱ्यावर जाते. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागून राहतो आणि बरेच मालक त्यावर काळी चिकटपट्टी लावून मोकळे होतात. ही चिकटपट्टी हेच या सगळ्या प्रकाराचे खरे निदान आहे, असे म्हणायचा मोह होतो.

यावर समजूतदार मेकॅनिकचा आक्षेप असा असतो की सगळीच आदलाबदल एका मापाने मोजू नये. तो योग्य आहे. एका कंपनीच्या एकाच काळातल्या दोन मॉडेलांत एकाच कोडचे इंजिन असेल, जसे वॅगनआर आणि सुरुवातीच्या झेन एस्टिलोत १०६१ सीसीचे एफ१०डी होते, तर बदल तांत्रिकदृष्ट्या सोपा आणि बहुधा सुरक्षित असतो. अवघडपणा तिथून पायरीपायरीने वाढतो : तेच घराणे पण वेगळी क्षमता, वेगळे घराणे पण तेच इंधन, वेगळे इंधन, वेगळी कंपनी. पहिल्या पायरीवर थांबणाऱ्याशी माझे भांडण नाही. पण दुसऱ्या पायरीवरच कागद बदलू लागतात. सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचे हप्ते इंजिनाच्या क्षमतेवर ठरतात : जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत २०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३४१६ रुपये आणि त्यावर ७८९७ रुपये. आठशे सीसीच्या जागी १०६१ सीसी आले की गाडी दुसऱ्या गटात जाते. डिझेल आले तर महाराष्ट्रात एकरकमी कराचा दरही वेगळा. मालकाने हे कळवले नाही तर तो चुकीच्या माहितीवर विमा घेऊन फिरतो. अपघातात तिसऱ्या माणसाला भरपाई देण्याचे बंधन कंपनीवर बहुतांशी राहते, पण मालकाच्या स्वतःच्या गाडीचा दावा मात्र आरसीवरचा इंजिन नंबर जुळत नाही, एवढ्यावरही अडकू शकतो.

कायद्याकडे येण्यापूर्वी खर्चाचा मुद्दा निकालात काढू, कारण बहुतेक लोक त्याच्यासाठीच या वाटेला जातात. दुसऱ्या मॉडेलचे इंजिन स्वस्त वाटते ते भंगार बाजारातला पहिला दर ऐकून. त्यात अॅडॉप्टर प्लेट, वायरिंग, ईसीयूची जुळवाजुळव, बदललेले अॅक्सल, रेडिएटर, मजुरी आणि गाडी गॅरेजमध्ये पडून असतानाचे महिने धरले जात नाहीत. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे इंजिन का गेले, हा प्रश्न विचारलाच जात नाही. रेडिएटर चोंदल्याने हेड गॅस्केट उडाले असेल तर तोच रेडिएटर नव्या इंजिनालाही उकळवील. टर्बो फुटून इंटरकूलरमध्ये धातूचा चुरा साचला असेल तर तो चुरा नव्या सिलिंडरात जाईल. पावसाळ्यात पाण्यात गाडी घातल्याने कनेक्टिंग रॉड वाकला असेल तर ब्लॉक आणि हेड बऱ्याचदा वाचलेले असतात. तिथे इंजिन बदलण्याची गरजच नसते. मूळ इंजिन खोलणे, सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालणे किंवा स्लीव बसवणे, क्रँक घासणे, हे काम आपल्याकडच्या चांगल्या मशीनशॉपना उत्तम जमते. ते परवडत नसेल तर त्याच कोडचे, पावतीसह मिळणारे हाफ किंवा फुल इंजिन हा दुसरा पर्याय आणि जशी आहे तशी गाडी विकणे हा तिसरा. दुसऱ्या मॉडेलचे इंजिन या तिन्हींनंतर येते. मालकाला ते पहिले वाटते, कारण सुचवणाऱ्याला त्यात काम दिसते.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे सध्याचे रूप सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल, असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला; राज्यांचे नियम या कलमाच्या वर जाऊ शकत नाहीत, असेही सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. त्याच मेकचे आणि प्रकारचे इंजिन बदलण्याला मात्र कायदा मान्यता देतो. दहा किंवा अधिक व्यावसायिक वाहने असणाऱ्यांना तर राज्य सरकार त्यासाठी आगाऊ मुभा देऊ शकते, फक्त झालेला बदल चौदा दिवसांत कळवावा लागतो. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर वित्तसंस्थेची लेखी संमती हवी. हे सारे जाचक वाटते, पण त्यामागे चोरीचा प्रश्न आहे. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी कुप्रसिद्ध होता आणि २०२१ मध्ये पोलिसांनी तिथे मोठी कारवाई केली. इंजिन नंबर हा त्या व्यवहाराविरुद्धच्या फार थोड्या पुराव्यांपैकी एक पुरावा आहे.

‘अशा कित्येक गाड्या रस्त्यावर आहेत, पीयूसी होते, पोलीस विचारत नाहीत’ हे म्हणणे वस्तुस्थिती म्हणून खरे आहे आणि युक्तिवाद म्हणून पोकळ. पीयूसीच्या यंत्राला उभ्या गाडीच्या नळीतला धूर कळतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का, ब्रेक नव्या वजनाला पुरतात का, हे कळत नाही. तपासले जात नाही याचा अर्थ तपासण्यासारखे काही नाही, असा होत नाही.

मात्र या बंदीच्या बाजूने बोलताना एक विसंगती मला पार करता येत नाही. याच कलम ५२ च्या परंतुकानुसार मान्यताप्राप्त किट बसवून गाडी सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर नेता येते. म्हणजे इंजिन पूर्ण काढून त्या जागी विजेची मोटर आणि शेकडो किलोंची बॅटरी घालायला कायद्यात रस्ता आहे, पण बंद पडलेल्या जिप्सीत तिच्याच घराण्यातले अधिक स्वच्छ पेट्रोल इंजिन घालायला रस्ता नाही. कारण किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून एकदा मान्यता मिळते आणि ती हजारो गाड्यांना लागू होते. एकट्या गाडीचा बदल तपासण्याची पद्धतच आपल्याकडे नाही. आणि असे एकटे पडलेले मालक वाढत आहेत. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणे थांबवले आणि तळेगावचा कारखाना नंतर बंद केला; फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. धडधाकट शरीराच्या हजारो गाड्या इंजिनाच्या एका सुट्या भागासाठी अडून राहणे, हा पर्यावरणाचाही तोटा आहे. चालणारे पत्रे, काचा, सीट, चाके भंगारात घालून नवी गाडी घडवण्यात ऊर्जा जातेच.

इतर देशांनी यावर काढलेले मार्ग साधे आहेत. कॅलिफोर्नियात इंजिन बदलता येते, पण ते गाडीच्या वर्षाचे किंवा त्याहून नवे हवे, त्याच वर्गातल्या वाहनाचे हवे आणि त्याची प्रदूषणरोधक सगळी उपकरणे सोबत बसलेली हवीत. सरकारने नेमलेला पंच गाडी पाहून शिक्का देतो. ब्रिटनमध्ये गाडीची मूळ ओळख टिकली आहे का हे ठरवायला बरीच वर्षे गुण मोजत असत : चासीला पाच, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला अवघा एक. म्हणजे इंजिन बदलल्याने गाडी दुसरी होत नाही, पण बदल नोंदवावा लागतो आणि पुरावा द्यावा लागतो. जर्मनीत तज्ज्ञ एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तो बदल कागदावर चढवतो. तिन्ही ठिकाणी समज एकच आहे : इंजिन कोणाचे, हा प्रश्न दुय्यम, जुळले की नाही हे सांगणारा जबाबदार माणूस कोण, हा प्रश्न मुख्य.

भारतात बंदीमुळे हा माणूस नाहीसा झाला आणि इंजिने मात्र बदलत राहिली. म्हणून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने निदान एक मर्यादित वाट उघडावी : उत्पादन बंद झालेल्या मॉडेलांसाठी, त्याच इंधनाचे, त्याच किंवा नंतरच्या प्रदूषण मानकाचे इंजिन, पावतीसह, आणि एआरएआय किंवा तत्सम संस्थेत ब्रेक, वजन व धूर यांची प्रत्यक्ष चाचणी देऊन. तपासणीचा खर्च मालकाने सोसावा. तो जड वाटेल त्याने ही वाट धरू नये. ती उघडेपर्यंत, ज्यांची गाडी गॅरेजमध्ये इंजिन उतरवून उभी आहे, त्यांनी आधी मेकॅनिककडून इंजिन का गेले हे लिहून घ्यावे, मग मूळ इंजिन बांधण्याचा आणि त्याच कोडचे इंजिन घालण्याचा असे दोन्ही दर मागवावेत, आणि दोन्ही परवडत नसतील तर गाडी विकावी.